कवळीवाल्याचा रविवार

आमच्या गल्लीत दात नसलेली माणसं पुष्कळ आहेत, पण कवळी नसलेलं सहसा कुणी सापडायचं नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक अरुंद खोली आहे, तिथून ती सगळ्यांच्या तोंडात गेली. खोलीत शिरलं की चपलांना प्लॅस्टरचा पांढरा भुगा चिकटतो. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर लोखंडी बिजागऱ्यांत अडकवलेले प्लॅस्टरचे जबडे, कानशी, मेण वितळवायचा दिवा, आणि या सगळ्यावर ओणवे झालेले काका. बुटक्या स्टुलावर बसून, मान पुढे काढून, नाक कामाला टेकेल इतकं वाकून ते इतकी वर्षं काम करतायत की रस्त्यानं चालतानाही काहीतरी हरवलेलं शोधत चाललेत असं वाटतं. गल्ली त्यांना समोर काका म्हणते आणि पाठीमागे कवळीवाला. दोन्ही त्यांना चालतं.

त्यांची कामाची एक पद्धत आहे. माप घ्यायचं तर ते गिऱ्हाइकाला भिंतीशी ठेवलेल्या उंच पाठीच्या खुर्चीत बसवतात आणि दर वेळी तेच सांगतात, "पाठ टेकवा. समोरच्या घड्याळाकडे बघा. थुंकी गिळा. आता मेण चावा, हळूच." मध्येच मान वळवून कुणी काही विचारलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

कवळी तयार झाली की म्हणतात, "उद्या या, आणि येताना दोन डबे आणा. एकात घरचं रोजचं साधं खाणं, आणि दुसऱ्यात, दात गेल्यापासून ज्याच्यासाठी जीव तळमळतोय ते."

आरशात बघून हसायला कुठलीही कवळी चालते, असं काकांचं म्हणणं. खरं काय ते घासालाच कळतं. आधी मऊ, मग कडक. पण समोर कुणी टक लावून बसलं असलं की माणूस अवघडतो, धड चावत नाही. म्हणून काकाही सोबत जेवायला बसतात. गिऱ्हाईक खुर्चीत, काका आपल्या स्टुलावर, आणि टेबलावरचे जबडे जरा बाजूला सारून मध्ये डबे.

अशा रीतीनं काकांनी गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या स्वयंपाकघरांतलं खाल्लंय. बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या आजोबांनी एका डब्यात दुधात कुस्करलेला पाव आणला होता आणि दुसऱ्यात भाजलेलं कणीस. काकांनी दोन्हींत वाटा घेतला आणि दुधातल्या पावाचं इतकं कौतुक केलं, की आजोबांना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. थट्टा नव्हती. खाण्याच्या बाबतीत काका दोन्ही पक्षांत असतात. मऊ खाताना त्यांचे डोळे मिटतात, कुरकुरीत खाताना मोठे होतात, एवढाच काय तो फरक.

घरीही त्यांना दोन्ही मिळायचं. काकू लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर काम करायच्या. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांच्या हातात पातेलं उचलण्यापुरतीच ताकद उरायची. मग मऊ शिजवलेला भात, वर लोण्याचा गोळा आणि चिमूटभर मीठ. नाहीतर कुस्करलेला बटाटा आणि कांद्याचं सूप. स्वयंपाकघरातल्या बुटक्या कट्ट्याशी दोघं वाट्या घेऊन बसायची, गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि भात संपेपर्यंत सहसा कुणी बोलायचं नाही.

रविवारी मात्र त्याच काकू पदर खोचून उभ्या राहिल्या की दुपारपर्यंत स्वयंपाकघरात कुणाची शिरायची टाप नसायची. अक्रोड आणि जर्दाळू भरून भाजलेली अख्खी कोंबडी. तळाला सोनेरी खरपूस थर धरलेला बदामांचा भात. आणि शेवटी मधात मुरवलेली पापुद्र्यांची मिठाई, जी चावली की आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत जायचा. मुलगी आणि जावई न चुकता यायचे. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर कडक इस्त्रीचं कापड पडायचं आणि कापडाबरोबर काकूंचा नियमही: पाठ ताठ, कोपरं टेबलाखाली.

"आठवडाभर कुबड काढून जेवता," त्या काकांना म्हणायच्या, "आज तरी माणसासारखं बसा."

काका मुकाट्यानं ताठ बसायचे. ताठ बसल्यावर त्यांची उंची एवढी वाढायची, की लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी जावयानं बायकोला हळूच विचारलं होतं, "हे तेच बाबा ना?"

काकूंना एकच हौस होती. कामावरून मोकळं झालं की रविवारचा स्वयंपाक आठवड्यातून दोनदा करायचा. काकांनी तर गल्लीत जाहीरच करून टाकलं होतं, "ही घरी बसली की आमच्याकडे बुधवारीही रविवार."

पण काकूंच्या निवृत्तीच्या सुमारालाच काकांचे स्वतःचे दात हलायला लागले. एकेक करत सगळे काढावे लागले. हिरड्या भरून येईपर्यंत मऊ भातावर राहणं भाग होतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. काकांना तो आवडतच होता. काकू दिवस काढत होत्या ते कवळी बसल्यानंतरच्या पहिल्या रविवारसाठी. बाजारातून अक्रोड निवडून आणून त्यांनी बरणीत भरून ठेवले होते.

कवळी काकांनी स्वतःच केली. दुसरं कुणाला करू देणार? खिडकीच्या चौकटीला त्यांचा जुना दाढीचा आरसा अडकवलेला होता. त्यात बघत त्यांनी मेण चावलं, साचा ओतला, दात लावले, पॉलिश केलं. इतकं सुबक काम त्यांनी स्वतःही पूर्वी केलं नव्हतं. गल्लीभर हसून दाखवून झालं.

मग तो रविवार आला. मुलगी-जावई आले, कापड पडलं, कोंबडी आली. काकूंनी सगळ्यात खरपूस भाजलेला पाय काकांच्या ताटात वाढला. काका ताठ बसले आणि त्यांनी घास घेतला.

कट्ट.

जावयानं टेबलाखाली वाकून पाहिलं. "काही पडलं का?"

"नाही नाही," काका म्हणाले. त्यांनी दुसरा घास घेतला. पुन्हा कट्ट. वरची कवळी एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला आणि घास मध्ये जसाच्या तसा. अक्रोडाचा तुकडा तर गालात जाऊन बसला तो बाहेर यायला तयार होईना.

"कशी झालीये?" काकूंनी विचारलं.

"छान झालीये. पण मला जरा जड वाटतंय आज. कालचा मऊ भात आहे का उरलेला?"

मुलीनं आईकडे बघितलं. काकू उठल्या, भात गरम करून आणून काकांसमोर ठेवला आणि आपल्या जागी बसून कोंबडीचे बारीक बारीक तुकडे करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी दुकान उघडल्या उघडल्या कवळी तपासायला घेतली. टेबलावर वाकून दातांत खुणा उमटवणारा निळा कागद धरला आणि चावला. सगळ्या दाढांवर एकसारखे ठिपके उठले, कुठे उंचवटा नाही, कुठे फट नाही. शेजारच्या सायकलवाल्याकडून भाजलेले दाणे मागून आणून स्टुलावर बसून खाल्ले. मस्त चावले गेले. काकांनी सुटकेचा श्वास सोडला. सवय व्हायची असेल, दुसरं काय. आणि पुढच्या रविवारी टेबलाशी ताठ बसले, की कट्ट.

हे कुणाला सांगायचं? अख्ख्या गल्लीला ज्यानं चावायला शिकवलं, त्याची स्वतःची कवळी स्वतःच्या घरात दगा देते, हे बाहेर फुटलं तर उद्यापासून खुर्चीत कोण बसेल, असं त्यांना वाटायचं. आणि काकूंना सांगायचं तर त्याहून अवघड होतं, कारण कवळी दाखवताना त्यांनी बढाई मारली होती ती सगळ्यात जास्त काकूंपुढेच. त्यामुळे ते पोटावर हात फिरवून मऊ भात मागत राहिले.

त्याच्या पुढच्या रविवारी स्वयंपाकघरातून कसलाच वास येईना. काका आत डोकावले.

"आज काय बेत?"

"मऊ भात."

"आज रविवार ना?"

"मलाही वार कळतात. पोरीला फोन करून सांगितलंय, येऊ नका म्हणून." काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "इतकी वर्षं तोंडदेखलं वाहवा करत होतात, हे कळायला मला घरी बसावं लागलं."

"तोंडदेखलं नव्हतं गं."

"मग आता काय झालं?"

सांगून टाकायचं ते इथेच. काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वय झालं."

"वय झालंय तर दारावर टकटक न करता आलं म्हणायचं. परवापर्यंत माझ्या हातून भांडं हिसकावून चाटणारा माणूस." काकूंनी वाटीत भात वाढला, वर लोणी घातलं, मीठही आठवणीनं घातलं. "उद्या लाँड्रीच्या मालकिणीला भेटून येते. तिला अजून माझ्या जागी कुणी मिळालेलं नाही. मऊ भात काय, कामावरून आल्यावरही शिजतो."

काकांनी वाटी पुढे ओढून घास घेतला. भात नेहमीसारखाच झाला होता, पण त्या दिवशी डोळे मिटले नाहीत.

सोमवारी काकू खरोखरच निघाल्या. चांगली साडी, हातात पर्स. गल्लीच्या वळणावर शिंपीणबाई भेटल्या. शिंपीणबाईंची नवी कवळी त्याच दिवशी मिळणार होती, आणि त्यांची अट साधी नव्हती. दातांनी दोरा तोडता आला पाहिजे, नाहीतर कवळी परत.

"दोऱ्याचं रीळच विसरले बघा, तेच आणायला चाललेय," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण वहिनी, भाऊंना घरी काही खायला देता की नाही? माझी बदामाची बिस्किटं, एवढी कडक, पोरं हातोडीनं फोडू म्हणतात, आणि भाऊ बसलेत आपले कडाकड खात. दोन तर मी बघता बघता संपवली त्यांनी. आत्ताही चाललंयच."

"आत्ता?"

"मी डबा तिथेच ठेवून आलेय ना. परत जाईपर्यंत उरतो का बघायचं."

काकूंनी लाँड्रीचा रस्ता सोडला आणि सायकलच्या दुकानाकडे वळल्या.

दार उघडंच होतं. काका पाठमोरे, स्टुलावर, नेहमीसारखे वाकलेले. समोर डबा. आणि आवाज असा येत होता जसं कुणी सुकी लाकडं मोडतंय. काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो आवाज नीट ऐकून घेतला.

"अहो."

तो आवाज ऐकला की ताठ व्हायचं, ही काकांच्या पाठीची जुनी सवय. ते एकदम ताठ झाले. कट्ट झालं, वरची कवळी खाली आली, आणि अर्धं बिस्कीट टेबलावरच्या एका प्लॅस्टरच्या जबड्यात जाऊन पडलं.

"घरी जड आणि इथे हलकं?" काकू म्हणाल्या. "शिंपीणबाईंची बिस्किटं पचतात, होय?"

काका काहीतरी बोलायला गेले, पण नुसती शिट्टी वाजली. तोंड लपवायला ते पुन्हा टेबलावर वाकले, आणि तिथून अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, "अगं, तसं काही नाहीये."

काकूंचा पुढचा टोमणा तयार होता. तो त्यांनी तसाच ठेवला.

"पुन्हा ताठ बसा."

"कशाला?"

"बसा म्हणते ना."

काका ताठ बसले. कट्ट.

"आता वाका."

काका वाकले. काही आवाज नाही.

"ते दुसरं बिस्कीट घ्या. चावा." कडाकड मोडलं. "आता तोंडात आहे तसंच ठेवून ताठ व्हा." काका ताठ झाले. गाल हलले, भुवया हलल्या, बिस्कीट जिथल्या तिथे.

काकू चालत आत आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. पर्स मांडीवर ठेवली.

"तुमचं माप कुणी घेतलं होतं?"

"मीच."

"कुठे बसून?"

काकांनी बोट दाखवलं. दाढीचा आरसा खिडकीच्या चौकटीला अगदी खाली, टेबलाच्या काठाशी अडकवलेला होता. त्यात तोंड बघायचं तर हनुवटी टेबलाला लावावी लागायची. वाकून मान पुढे काढली की खालचा जबडाही पुढे सरकतो, हे ज्या माणसानं उभ्या आयुष्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावलं होतं, तो आरशाकडे बघत राहिला.

"पाठ टेकवा," काका हळूच स्वतःशीच म्हणाले. "समोरच्या घड्याळाकडे बघा." आणि त्यांनी कपाळाला हात लावला. हाताला प्लॅस्टर होतं, ते कपाळाला लागलं.

आधी काकूंच्या मांडीवरची पर्स हलायला लागली. मग खांदे. मग त्या इतक्या हसल्या की सायकलवाला पाना हातात घेऊन दारात येऊन गेला.

"म्हणजे कोंबडी चांगली झाली होती," डोळे पुसत त्या म्हणाल्या.

"कोंबडी? अगं, तू ती टेबलावरून उचलून नेलीस तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं."

"मग बोलायचं नाही?"

"काय बोलू? कवळीवाल्याची कवळी बसत नाही म्हणून?"

"हो. अगदी असंच. गल्लीला नसतं सांगितलंत तरी चाललं असतं. मला सांगायचं." काकूंचं हसणं थांबलं होतं. "मी मेली अक्रोडांना दोष देत होते. वाटलं, खवट निघाले."

काकांनी मान खाली घातली. कवळी अर्थातच अगदी चपखल बसली.

"मी काही ऐकलेलं नाही," दारातून शिंपीणबाई म्हणाल्या. रीळ हातात, डोळे चकाकत होते. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार हे नक्की झालं, आणि काकांना नवल वाटलं की आपल्याला त्याचं काहीच वाटत नाहीये. काकू खुर्चीतून उठल्या, शिंपीणबाईंनी तिथे बसून नवी कवळी घातली, दोरा तोंडात धरला आणि टच्कन तोडला. कवळी पास झाली.

त्या गेल्यावर काकूंनी काकांना खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा तिथे. मेण कुठेय?"

"तू घेणार माप?"

"पाठ टेकवा. घड्याळाकडे बघा. थुंकी गिळा."

"अगं, मेण जरा गरम..."

"बोललात. पुन्हा पहिल्यापासून."

लाँड्रीच्या मालकिणीला काकूंनी दुसऱ्या दिवशी फोन केला, पण तो एवढंच विचारायला, की टेबलावरच्या कापडाला पूर्वीसारखा स्टार्च अजून देता का.

नवी कवळी तयार व्हायला वेळ होता आणि रविवार काही थांबणार नव्हता. काकूंनी कोंबडी भरली, भाताला खरपूस थर आणला, मिठाई मधात सोडली. मुलगी-जावई आले तर बाहेरच्या खोलीतलं टेबल रिकामं. कडक इस्त्रीचं कापड स्वयंपाकघरातल्या बुटक्या कट्ट्यावर पसरलेलं, त्याच्या कडा जमिनीवर लोळत होत्या, आणि भोवती स्टुलं, एक उलटी बादली आणि एक उशी.

"आज सगळ्यांनी वाकून जेवायचं," काकू म्हणाल्या.

"आई, तुम्हीच ना नियम केला होता?" जावयानं विचारलं. त्याच्या वाट्याला बादली आली होती.

"मीच केला, मीच मोडतेय. बसा. कोंबडी निवतेय."

"बाबा, खरं सांगा," मुलगी म्हणाली, "शिंपीणकाकूंनी मला बसस्टॉपवरच सगळं सांगितलं. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

काकांनी सांगितलं. नाक ताटाला लावून, एक शब्दही न गाळता, मध्ये मध्ये कोंबडीचा घास घेत. जावई इतका हसला की बादली सरकली. काकांचे डोळे मोठे झाले होते. मिठाई चावली तेव्हा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला, पण ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

नवी कवळी बसली तेव्हा दोन डबे काकूंनी दुकानात नेले. एकात कुस्करलेला बटाटा, दुसऱ्यात खरपूस भात. काका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ताठ बसले, काकू त्यांच्या स्टुलावर. दोन्ही डबे स्वच्छ झाले. दाढीचा आरसा आता खुर्चीसमोर, घड्याळाखाली लागलाय.

आणि मग बुधवार आला, ज्याच्याबद्दल गल्लीत जाहीर झालं होतं तो. काकूंनी सकाळीच मासा आणून ठेवला होता, पोटात लिंबू आणि बदाम भरून भाजण्यासाठी. काका संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले आणि कट्ट्याशी येऊन बसले.

"आज मऊ भात कर ना," ते म्हणाले. "लोणी घालून."

काकूंनी हातातली सुरी खाली ठेवली. वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तोंड उघडा."

"अगं..."

"उघडा. आता भिंतीला पाठ टेकवा. चावा." काही आवाज झाला नाही. काकूंनी बदामांच्या वाटीतला एक बदाम काढून त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो ताठ बसून फोडला आणि खाल्ला.

"मग?" काकूंनी विचारलं.

"मग काय. खरंच भात खावासा वाटतोय. सकाळपासून."

काकूंनी बदामांची वाटी बाजूला सारली. मग मासा झाकून आत ठेवला आणि पातेलं काढलं.

"मासा उद्या," त्या म्हणाल्या. "मलाही आज उभं राहायचा कंटाळाच आला होता."

भात शिजला. दोघं कट्ट्याशी बसली, गुडघ्याला गुडघा लागला, आणि काकांचे डोळे मिटले.